लल्ला उनीसाचं मनगट

आमच्या प्रयोगशाळेत एकोणीस माणसं. त्यांतल्या सात जणांच्या नावाआधी डॉक्टर लागतं, आणि ते सातही जण लल्ला उनीसाला टरकून असत. लल्ला हा मान आमच्या कॉन्स्टंटिन शहरात वयाने मोठ्या बाईला सगळेच देतात; उनीसाला कुणी दिला नाही तर ती तो मागून घ्यायची. काम म्हणाल तर काचेची भांडी धुणं. एखाद्या चंबूच्या तळाला कुणी काही वाळवून ठेवलं असलं, की ती तो चंबू उचलून थेट त्या डॉक्टरच्या टेबलाशी जायची आणि चारचौघांत विचारायची, "घरी ताट असंच ठेवतोस का रे? थांब, गुरुवारी हमामात तुझी आई भेटते मला."

मी लुईझा. साबणापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत सगळं ज्या भांडारातून जातं, ते माझ्या ताब्यात आहे. भांडाराचं दार उनीसाच्या मोरीसमोर उघडतं, त्यामुळे बावीस वर्षं तिची बडबड मी फुकटात ऐकली. ती चंबूंशी बोलायची आणि नळाशी भांडायची. हातमोजे घालायची नाही. मी शंभरदा दिले, तिने शंभरदा परत केले. "हातमोज्यातून काच कळत नाही गं," म्हणायची, "फोनवरून नवरा कळत नाही तशी."

नवऱ्याचा विषय निघाला की तिला आवरणं कठीण. सी लखदर, सी म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत, बसमध्ये तिकीट तपासनीस होता. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, त्यांतली सदतीस बरी गेली, कारण तो दिवसभर बसमध्ये असायचा. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि स्वयंपाकघर तपासायला लागला. कांदा जाड का चिरलास, गॅस मोठा का ठेवलास, फ्रिज दोनदा का उघडलास. "बाई गं," उनीसा सांगायची, "माझ्याच घरात मी बिनतिकीट फिरतेय असं वाटतं." सकाळी साडेसातला ती प्रयोगशाळेच्या फाटकातून आत यायची तेव्हा तिचा चेहरा सुटी लागलेल्या पोरीसारखा असायचा. मी हसायचे, पण खरं सांगते, त्या चेहऱ्याकडे बघून माझाही दिवस बरा जायचा.

आता देरियासबद्दल सांगायला हवं. जिजेलच्या बाजूच्या डोंगरात हे झाड व्हायचं. पिवळी फुलं, जमिनीत गाजरासारखं जाड मूळ. मूळ अंगाला लागलं तर अशी खाज सुटते की माणूस नमाज विसरतो. तोंडाजवळ नेलं तर तोंड भोपळ्याएवढं होतं. आणि तरी आमची माणसं ते खातात. ऐन थंडीत, वर्षातून एकदा, मुळाचा इवलासा तुकडा फडक्यात बांधून रश्श्यात उकळायचा आणि त्या रश्श्यात रव्याच्या जाड दाण्यांचा बरकूकस शिजवायचा. सांधे, छाती, सर्दी, सगळं म्हणे निघून जातं. मात्र पुढचे तीन दिवस थंड काही चालत नाही. थंड पाणी प्यायचं नाही, त्यात हात घालायचा नाही, वाऱ्यात जायचं नाही. मोडलं तर औषध अंगावर उलटतं. असं माझी आजी म्हणायची आणि असंच आमचे सातही डॉक्टर म्हणतात, पण ते खालच्या आवाजात.

त्या मुळात विषाणूला पेशीत वाढू न देणारं काहीतरी आहे, असं बाहेरच्या कुणाकुणाला दिसलं होतं. पण मूळ खणलं की झाड मेलं, आणि आमच्या डोंगरांवर ते आता शोधून सापडत नाही. म्हणून डॉ. नुसैबाने, ही आमच्यातली सगळ्यात तरुण, एकतीस वर्षांची, झाडाची ती जनुकं उचलून जिवाणूंत बसवली. जिवाणूंनी साखर खायची आणि देरियासचं औषध बनवायचं. उनीसाने हे शिपायाला समजावलं ते मला जास्त आवडलं: "त्या किड्यांना नुसैबाने देरियासची पाककृती गिळायला लावलीय. आता ते रांधतात की नुसतेच खातात, ते बघायचं."

चौदा महिने ते नुसतेच खात होते. नुसैबा रोज सकाळी चंबूच्या तळातून नमुना काढायची, तपासणीच्या मोठ्या यंत्रात घालायची, आणि पडद्यावर रेघ सरळ. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आमचे संचालक डॉ. मसऊदी रोज दारात उभे राहून विचारायचे, "काय, झोपलीय ना अजून रेघ?" त्यांना वाटायचं हा विनोद आहे.

हिवाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी उनीसा भांडारात आली आणि तिने दार लावून घेतलं. बाही वर केली. दोन्ही मनगटं लालभडक, बारीक फोडांनी भरलेली.

"हा देरियास आहे," ती म्हणाली.

"इथे कुठून येणार देरियास? इथे नुसते जिवाणू आहेत, आणि त्यांना तर काही जमत नाही."

"माझा बाप मुळं खणून विकायचा, लुईझा. सहा वर्षांची होते तेव्हापासून ही खाज ओळखते. साबणाची खाज वरवरची असते. ही आत शिरते."

साबण म्हटल्यावर मी कपाटातल्या नव्या साबणाकडे पाठ केली, कारण त्याच महिन्यात मी साबण बदलला होता. नवा साबण स्वस्त होता, मीच निवडला होता, आणि वासावरूनच तो हरामखोर असावा असं मला वाटत होतं. मी घाईघाईने म्हटलं, "लल्ला, यंत्र म्हणतं काही नाही. यंत्रापुढे तुझ्या मनगटाचं कोण ऐकणार? झाकून ठेव."

झाकायला दुसरंही कारण होतं. मागच्या वर्षी उंदरांच्या खोलीतल्या बशीरच्या हातावर पुरळ उठलं, तर कामगारांच्या डॉक्टरने एका ओळीत 'अपात्र' लिहिलं आणि आठवड्याच्या आत बशीर घरी. उनीसाला ते पाठ होतं.

"मला घरी बसवलं ना," ती बाही खाली ओढत म्हणाली, "तर महिन्याभरात आमच्या दारातून एक जनाजा निघेल. आणि लखदरची तब्येत उत्तम आहे."

आम्ही दोघी हसलो. मग तिचे डोळे भरले. घरी बसायला ती खरंच घाबरली होती.

दोन आठवडे तिने लांब बाह्या घालून काढले. खाज कमी होण्याऐवजी कोपराकडे चढली. ती मोरीपाशी कोपरं टेबलाला घासायची आणि कुणी बघितलं की टेबल पुसत असल्याचं सोंग करायची. इतकं स्वच्छ टेबल मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. शेवटी एका बुधवारी संचालकांनी विचारलंच, "लल्ला, हाताला काय झालंय?"

उनीसा क्षणभरही अडखळली नाही. "देरियास सोलत होते, सी मसऊदी. तुम्हा सगळ्यांसाठी. उद्या बरकूकस आणतेय. गुपित ठेवायचं होतं, पण तुमच्या नजरेतून काही सुटतं का?"

संचालक खूश. मी भांडारात तोंडात रुमाल कोंबून बसले. बाईने एका वाक्यात पुरळाला बाप मिळवून दिला होता.

गुरुवारी दोन माणसांनी धरून आणावं एवढं पातेलं आलं. वाळवलेलं मांस, चणे, आणि रस्सा असा लाल की बघूनच घाम फुटावा. सगळ्यांनी ओरपलं. कुणाचे कान लाल, कुणाचं नाक गळतंय. पॅरिसला शिकून आलेले संचालक दोन थाळ्या संपवून म्हणाले, "मी केवळ शास्त्रीय कुतूहल म्हणून खातोय," आणि तिसरी घेतली. एकटी नुसैबा जेवली नाही; रमजानचे राहिलेले रोजे ती त्या आठवड्यात फेडत होती. तिने डबा भरून घेतला.

आणि मग सुरू झाले ते तीन दिवस. आमच्याकडे जिवाणू ठेवायची एक शीतखोली आहे आणि एक अतिथंड कपाट आहे, ज्यातून हात काढला की बोटं आपली वाटत नाहीत. खाल्लेल्यांपैकी एक जण तिकडे फिरकेल तर शपथ. शुक्रवारी सुटी, तेव्हा कुणाला अडचण आली नाही. शनिवारी शिफ्ट असलेला डॉ. रब्बाह म्हणाला, "माझी कंबर धरलीय." दुसरी म्हणाली, तिला फोन येणार आहे. रविवारी सकाळी तर सगळेच्या सगळे मफलर गुंडाळून, कढत चहाचे पेले छातीशी धरून, एकमेकांना शीतखोलीच्या दारापर्यंत आग्रहाने पोचवत होते.

"तुम्ही आधी."

"छे, तुम्ही वयाने मोठे."

संचालकांनी एक फिरतं पत्रक काढलं: तांत्रिक कारणास्तव शीतखोली सोमवारपर्यंत बंद. तांत्रिक कारण त्यांच्या पोटात होतं. ते स्वतः हात धुवायला चहाची किटली घेऊन जायचे. उनीसाही नेम पाळत असल्यामुळे भांडी साचून डोंगर झाला, आणि ती ऐटीत खुर्चीवर बसून सगळ्यांना दरडावत होती, "मफलर सांभाळा, वारा लागेल! मसऊदी, खिडकी कुणी उघडली?" मजा येत होती तिला. मलाही येत होती, का नाही येणार? मी तीन दिवस गार पाणी प्याले नाही, मुकाट्याने.

रविवारी दुपारी नुसैबा किंचाळली. आम्ही धावत गेलो. ती यंत्रासमोर उभी, हातात रिकामा डबा, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा हसत होती.

"यंत्र बिघडलंय!" ती म्हणाली. "मी लल्लाचा बरकूकस यात घालून बघितला. अस्सल देरियास! तरी रेघ सरळ! म्हणजे यंत्रालाच काही दिसत नाही. माझे जिवाणू कदाचित चौदा महिने काम करतायत आणि हे आंधळं बसलंय!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. संचालक लगेच कामाला लागले. यंत्र खोलायचं, भाग राजधानीला पाठवायचे, तोवर सगळे प्रयोग बंद. चार महिने, कदाचित सहा. नुसैबाला त्याचं काही वाटत नव्हतं, ती आनंदाने रडत होती. पेचकस घेऊन माणूस यायला निघालाही.

मी उनीसाकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता. मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. साबण, बशीर, लखदर, सगळं मी त्या एका नजरेत भरलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती त्या पोरीकडे बघत होती.

"यंत्राला हात लावू नका," ती म्हणाली. "यंत्र चांगलं आहे."

"तुला काय कळतं त्यातलं?" संचालक म्हणाले.

"यंत्रातलं नाही कळत. बरकूकसमधलं कळतं. त्यात देरियास नव्हता."

डॉ. रब्बाहने चहाचा पेला खाली ठेवला.

"नव्हता म्हणजे?"

"मिरची होती. दुप्पट. देरियास मिळतो कुठे आता? माझ्या बापाने आणि त्याच्यासारख्यांनी डोंगर खणून रिकामे केले. बाजारात जडीबुटीवाला जे विकतो, ते देवालाही ओळखू येणार नाही. आणि मिळाला असता तरी मी घातला नसता. माप चुकलं तर माणूस जातो. आमच्या शेजारची गेली. एकोणीस माणसांचा जीव माझ्या पळीवर? मला नाही जमत."

एवढं होईपर्यंत संचालक सरळ फ्रिजकडे गेले, गार पाण्याची बाटली काढली आणि एका दमात अर्धी संपवली. तीन दिवसांची तहान होती बिचाऱ्यांची. मग तोंड पुसून वळले. आता ते खरंच चिडले होते.

"मग हाताला काय झालंय? बाही वर कर."

उनीसाने दोन्ही बाह्या वर केल्या. हात आता कोपरापर्यंत सुजले होते. कुणीतरी 'या लतीफ', देवा रे, म्हणालं.

"नवा साबण," संचालक म्हणाले. "मला वाटलंच होतं. उद्या डॉक्टर येईल. नियम म्हणजे नियम, लल्ला."

तिने मान हलवली. भांडली नाही. माझ्या जिभेवर शब्द होते, पण साबण माझा होता आणि जीभही माझीच होती, म्हणून ती टाळ्याला चिकटून बसली. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

नुसैबा मात्र हातांकडे टक लावून बघत होती. "लल्ला, हे सगळी भांडी धुताना होतं?"

"छे. बाकीच्यांची धुताना काही नाही. तुझेच चंबू. तेही सगळे नाहीत. खाली रस असतो तिथे काही होत नाही. वर गळ्याशी तेलकट चिकटा असतो, फेस सुकलेला. वाफेतून काढले तरी तो जात नाही. चंबूच्या तोंडातला कापसाचा बोळा ओढला की तो मनगटावर येतो." ती थांबली. "मी लुईझाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं हा देरियास आहे म्हणून."

सगळे माझ्याकडे वळले. मी छताकडे बघितलं.

नुसैबा मोरीकडे पळाली. न धुतलेल्या भांड्यांच्या डोंगरातून तिने आपले चंबू शोधले. तीन दिवस कुणी पाण्याला हात लावला नव्हता म्हणूनच ते तिथे तसेच होते. स्पिरिटमध्ये बोळा भिजवून तिने प्रत्येक चंबूचा गळा आतून पुसला. चौदा महिने ती तळातला रस तपासत होती, आणि जिवाणूंनी रांधलेलं ते तेलकट औषध फेसाबरोबर चढून वर काचेला जाऊन बसत होतं. पहिल्या चंबूची रेघ सरळ. दुसऱ्याचीही. सहाव्याला रेघ उठली, बारीक, पण सुईसारखी उभी. नवव्याला त्याहून उंच. नुसैबा जमिनीवर बसली आणि तिने उनीसाचे गुडघे धरले. उनीसा ओरडली, "सोड गं, खाजवू दे मला आधी!"

सोमवारी कामगारांचा डॉक्टर आला. चांगला माणूस होता, पण त्याच्याकडे नियम होता. हात बघितले, मलम दिलं, आणि कागदावर लिहिलं: भांडी धुण्यास कायमची अपात्र. उनीसाने पिशवी भरायला घेतली. फडकं, पेला, चपला. बावीस वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं ते बघून मला सहन झालं नाही.

मी भांडारात गेले आणि यंत्रांची नोंदवही उघडली. आमच्याकडे माणसाला काढायला एक सही लागते. यंत्र इमारतीबाहेर न्यायचं तर तीन लागतात, आणि त्यांतली एक माझी. मी नवी ओळ घातली. वस्तू: देरियास शोधक. संख्या: एक. बनावट: जिजेल. अचूकता: मोठ्या यंत्राच्या चौदा महिने आधी. हे थोडं वाढवून लिहिलं, असेल तीन आठवडे. ठिकाण: डॉ. नुसैबा यांच्या टेबलाशेजारी, खुर्चीवर. स्थिती: उत्तम, हातमोजे घालणे सक्तीचे.

वही घेऊन संचालकांच्या खोलीत गेले. उनीसाही मागोमाग आली, पिशवी हातात. त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"लुईझा, तुला वेड लागलंय."

"असेल. साबण मी बदलते. हेही लिहा हवं तर, की तिला गप्प बसवणारी मी होते. पण हिला धुवायला नाही, चंबू उघडायला ठेवा. यंत्र सांगतं किती आहे; ही सांगते कुठे आहे."

"आणि माझा नवरा," उनीसा मागून म्हणाली, "रोज साडेसातला मला आणून सोडेल. तोही तेवढ्यापुरता घराबाहेर पडेल. दोन जीव वाचतील, सी मसऊदी."

संचालक हसले नाहीत. ओळीच्या शेवटी एक रकाना मी मोकळा सोडला होता, कारण तो संचालकांनी स्वतः भरायचा असतो: बिघडल्यास पर्यायी यंत्र. त्यांनी पेन उचललं, तिथे काहीतरी लिहिलं, सही केली आणि वही माझ्याकडे ढकलली.

उनीसाला फ्रेंच अक्षरं वाचता येत नाहीत. दाराबाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला. "काय लिहिलं गं त्याने?"

"तू बिघडलीस तर पर्यायी यंत्र कोणतं, तिथे लिहिलंय: दुसरं नाही."

पिशवी माझ्या हातात देऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मी वहीवर बोट ठेवून ते शब्द तिला दाखवले.